जॉर्ज अरुंडेल : एका प्राचार्याची कारकीर्द

पूर्वीच्या मद्रास आणि आजच्या चेन्नई शहराच्या दक्षिण अंगास अड्यार नावाची एक संथ नदी बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्या मुखाशी एक विस्तीर्ण उपवन आहे. १८८२ साली कर्नल ऑल्कट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी ते खरेदी केले आणि थिऑसॉफिकल सोसायटीचे ठाणे मुंबईहून तेथे हलविले. त्यापूर्वी जवळजवळ चार वर्षे हे ठाणे मुंबईत, आणि आरंभी तर गिरगावात होते, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कोणाच्या स्मरणात राहिलेली नाही. अड्यारच्या त्या उपवनात एक अतिविशाल वटवृक्ष आहे. त्याच्या छायेत अधिवेशने भरत, व्याख्याने होत, आणि देशोदेशींची माणसे मांडी घालून ती ऐकत.

या आवारात अनेक ख्यातनाम माणसे राहून गेली. त्यांत डॉ. जॉर्ज सिडनी अरुंडेल यांचे नाव सहसा स्वतंत्रपणे घेतले जात नाही. ॲनी बेझंट यांचे सहकारी, जे. कृष्णमूर्ती यांचे एके काळचे शिक्षक, रुक्मिणीदेवींचे पती, अशी दुसऱ्या कोणाच्या तरी नावाला जोडूनच त्यांची ओळख करून देण्याचा प्रघात आहे. वस्तुतः हा गृहस्थ प्रथम आणि मुख्यतः अध्यापक होता. ते शिकवीत असत इतिहास. परंतु त्यांच्या चिंतनाचा आणि व्यवहाराचा खरा विषय होता विद्यार्थ्याचे मन. मानसशास्त्र त्या काळी आपल्याकडील विद्यापीठांतून तत्त्वज्ञानाच्या पदरास धरून वावरत होते; कलकत्ता विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग निघाला तो १९१६ साली. अरुंडेल यांनी मनाचा अभ्यास केला तो प्रयोगशाळेत नव्हे, शाळेत आणि वसतिगृहात. विद्यार्थ्याचे मन कसे जिंकावे हे त्यांना उपजतच उमगले होते. जिंकलेल्या मनाचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र त्यांना जन्मभर पुरला.

अरुंडेल यांचा जन्म १ डिसेंबर १८७८ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात झाला. जन्मतःच आई निवर्तली, आणि फ्रान्सिस्का अरुंडेल या अविवाहित मावशीने त्यांना दत्तक घेतले. ही मावशी थिऑसफीच्या पहिल्या अनुयायांपैकी एक होती. १८८४ साली मादाम ब्लाव्हाट्स्की लंडनला आल्या असता त्यांचा मुक्काम या बाईंच्याच घरी होता; म्हणजे ज्या वयात इतर मुले परीकथा ऐकतात, त्या वयात या मुलाच्या कानांवर कर्म, पुनर्जन्म आणि हिमालयातील महात्मे यांच्या कथा पडत होत्या. पुढे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १९०२च्या सुमारास बेझंटबाईंचे व्याख्यान ऐकून ते भारावले आणि मावशीसह काशीस येऊन सेंट्रल हिंदु कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक झाले. मावशीबाईंनी तेथील मुलींच्या शाळेचे काम पत्करले.

सेंट्रल हिंदु कॉलेज बेझंटबाईंनी १८९८ साली काढले होते. सरकारी अनुदान घ्यावयाचे नाही, फी शक्य तितकी अल्प ठेवावयाची, आधुनिक विद्यांबरोबर हिंदु धर्माचेही शिक्षण द्यावयाचे, असा त्यांचा संकल्प होता. डॉ. आर्थर रिचर्डसन हे रसायनशास्त्रज्ञ पहिले प्राचार्य झाले. शाळेच्या खालच्या वर्गांत विवाहित मुलास प्रवेश द्यावयाचा नाही, असाही नियम पुढे करण्यात आला. बालविवाहाच्या त्या काळात, आणि तोही काशीक्षेत्रात, असा नियम करण्यास केवढे धैर्य लागले असेल! अध्यापकांपैकी कित्येक निर्वेतन काम करीत. न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांचे चिरंजीव पांडुरंगराव तेलंग हे मुंबई सोडून तेथे शिकविण्यास गेले होते. पी. जी. वुडहाउस या सुप्रसिद्ध विनोदी कादंबरीकाराचे थोरले बंधू अर्नेस्ट आर्मिन वुडहाउस हे तेथे इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी अध्यापन केले, त्यामुळे महाराष्ट्रालाही त्यांचा परिचय घडला.

मराठी माणसास हे वर्णन ऐकून न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन कॉलेज यांची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. अल्प वेतनावर आयुष्य वाहणारे आजीव सभासद तेथेही होतेच. पण दोहोंत एक महत्त्वाचा भेद होता. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत माणसे बांधली गेली होती ती नियमांनी, आणि १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला तोही आजीव सभासदांनी बाहेरची प्राप्ती करावी की नाही अशा नियमाच्याच वादातून. काशीस माणसे बांधली गेली होती ती एका व्यक्तीने. बेझंटबाईंचे वक्तृत्व, त्यांची तपश्चर्या, त्यांचे प्रेम हीच तेथली घटना होती. असे बंधन सुदिनी नियमापेक्षा बळकट असते. दुर्दिनी ते कसे ठरते हे पुढे दिसणारच होते.

अरुंडेल यांचे विद्यार्थ्यांशी वागणे त्या काळच्या मानाने अपूर्व होते. लॉर्ड कर्झनच्या त्या काळात गोरा प्राध्यापक आणि काळा विद्यार्थी यांच्यामध्ये जे अंतर सर्वत्र गृहीत धरले जाई, ते त्यांनी पुसून टाकले. ते मुलांत मिसळत, त्यांच्या अडीअडचणी विचारीत, त्यांना आपल्या घरी मुक्तद्वार ठेवीत. छडीच्या शिक्षेस त्यांचा कट्टर विरोध होता. अपराधी मुलास शासन करण्यापूर्वी त्याच्या मनात डोकावून पाहावे, त्याला लज्जित करण्याऐवजी त्याच्यावर विश्वास टाकावा, असे ते मानीत. आज बालमानसाचे कोणतेही पुस्तक हेच सांगेल. त्या वेळी ते सांगणारा प्राध्यापक विरळा. तुलनेसाठी एकच उदाहरण पुरे आहे. १९१६ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ओटन नामक इंग्रज प्राध्यापकाच्या उद्दाम वर्तनामुळे विद्यार्थी इतके चिडले की त्यांनी त्यास मारहाण केली, आणि त्या प्रकरणात सुभाषचंद्र बोस यांना कॉलेज सोडावे लागले. काशीच्या कॉलेजात विद्यार्थी आपल्या इंग्रज प्राध्यापकासाठी जीव टाकीत होते. शाळेच्या मुख्याध्यापकपदावरून १९०९ साली अरुंडेल कॉलेजचे प्राचार्य झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते.

त्याच वर्षी, दूर अड्यारच्या समुद्रकिनाऱ्यावर, लेडबीटर यांना जिद्दू कृष्णमूर्ती नावाचा एक कृश तेलुगू मुलगा दिसला, आणि भावी जगद्गुरू याच्या देहात अवतरणार असा निर्वाळा त्यांनी दिला. अड्यारहून या मुलाला आणि त्याचा भाऊ नित्यानंद यास काशीस आणण्यात आले. प्राचार्य अरुंडेल त्यांना शिकवू लागले, आणि शिकविता शिकविता स्वतःच शिष्य बनले. ११ जानेवारी १९११ रोजी त्यांनी काशीस ‘उगवत्या सूर्याचा संघ’ स्थापन केला. थोड्याच महिन्यांत बेझंटबाईंनी त्याचे रूपांतर ‘पूर्वेकडील तारका संघ’ या जागतिक संस्थेत केले. सोळा वर्षांचा कृष्णमूर्ती तिचा प्रमुख झाला आणि एका महाविद्यालयाचा प्राचार्य त्याचा चिटणीस झाला.

येथपासून काशीच्या कॉलेजातील हवा पालटली. काही अध्यापक आणि विद्यार्थी यांचे एक अंतरंग मंडळ तयार झाले. बेझंटबाईंविषयी अढळ निष्ठा हा त्या मंडळाचा प्राण होता. जो मंडळात तो जवळचा, जो बाहेर तो परका, अशी भावना वाढू लागली. अरुंडेल यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मुलांना काहीतरी उदात्त, पूजनीय असे दाखवावे आणि त्यांची मने त्याकडे वळवावी, इतकेच त्यांच्या मनात असावे. परंतु कॉलेज हिंदु समाजाच्या वर्गणीवर उभे होते. आपल्या मुलाने गीता शिकावी, पदवी घ्यावी आणि शीलवान व्हावे म्हणून ज्या पित्याने त्याला तेथे धाडले होते, त्याने आपला मुलगा एका नव्या अवताराच्या प्रतीक्षेस बसविला जावा अशी संमती दिली नव्हती. अरुंडेल यांना हा भेद दिसला नाही. ज्याच्यावर आपला विश्वास आहे ते मुलांना देणे म्हणजेच शिक्षण, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

या प्रवाहास आडवे उभे राहिले ते बाबू भगवानदास. ते स्वतः थिऑसफिस्ट होते, कॉलेजच्या संस्थापकांपैकी होते, आणि ‘भावनांचे शास्त्र’ या विषयावर १९००च्या सुमारास इंग्रजी ग्रंथ लिहून मानसशास्त्राच्या क्षेत्रात त्यांनी नाव मिळविले होते. म्हणजे या झगड्यात भावनेचा शास्त्रज्ञ एका बाजूस होता आणि भावनेचा उपासक दुसऱ्या बाजूस. भगवानदासांचा आक्षेप बेझंटबाईंच्या थोरवीवर नव्हता. विद्यालय एका व्यक्तीच्या भक्तीचे मंदिर होता कामा नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. १९१३च्या आरंभी अरुंडेल यांनी आपल्या अंतरंग मंडळास लिहिलेले, बेझंटबाईंच्या भक्तीने ओथंबलेले एक पत्र वृत्तपत्रांत झळकले आणि एकच गदारोळ उडाला. खाजगी कागद असा उघड्यावर आणणे कितपत प्रशस्त होते, हा वेगळा प्रश्न. पण पत्रातील मजकूर प्राचार्याच्या लेखणीस शोभणारा नव्हता हेही खरे. भगवानदासांनी या सर्व प्रकरणावर एक पुस्तिकाच लिहिली. विश्वस्तांत फूट पडली. अखेर १९१३ साली अरुंडेल यांनी राजीनामा दिला, आणि त्यांच्यामागोमाग अध्यापकांचा एक मोठा गट बाहेर पडला.

एका प्राचार्याबरोबर इतके सहकारी पद सोडून जातात, ही त्याच्या लोकप्रियतेची खूण मानावी की त्याच्या कारभारावरील टीका? दोन्ही खरे आहे. ज्या प्रेमामुळे ते कॉलेज बहरले त्याच प्रेमामुळे ते एका दिवसात ओस पडण्याची वेळ आली. संस्था मात्र वाचली, ती दुसऱ्या हातांनी. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या हिंदु विद्यापीठास मूळ म्हणून एक चालते महाविद्यालय हवे होते. बेझंटबाईंनी आपले कॉलेज त्यांच्या स्वाधीन केले. १९१५ साली कायदा झाला, ४ फेब्रुवारी १९१६ रोजी कोनशिला बसली, आणि सेंट्रल हिंदु कॉलेज बनारस हिंदु विद्यापीठात विलीन झाले. ज्या रोपास अरुंडेल यांनी दहा वर्षे पाणी घातले, त्याचा वृक्ष झाला तेव्हा ते तेथे नव्हते.

मध्यंतरी ते विलायतेस कृष्णमूर्ती आणि नित्यानंद यांचे अध्यापक म्हणून राहिले. परतले तो हिंदुस्थानातील राजकारण पेटले होते. एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी बेळगावी होमरूल लीग स्थापन केली. सप्टेंबरात बेझंटबाईंनी मद्रासेस आपली लीग काढली आणि तिचे संघटक चिटणीस म्हणून अरुंडेल यांची योजना केली. काशीस असताना विद्यार्थ्यांनी राजकारणात पडू नये असे सांगणारी हीच मंडळी होती! आता मद्रास इलाख्यात गावोगाव शाखा निघू लागल्या, आणि त्यामागे अरुंडेल यांची ती जुनी विद्या होती, तरुणांच्या मनाला हात घालण्याची. जून १९१७ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या सरकारने बेझंटबाई, अरुंडेल आणि बी. पी. वाडिया या तिघांस स्थानबद्ध केले. उटकमंड येथील सोसायटीच्या बंगल्यात त्यांना ठेवण्यात आले. बेझंटबाईंनी तेथील बागेत होमरूलचे निशाण उभारले. देशभर निषेधाचा आगडोंब उसळला. सप्टेंबरात तिघांची सुटका झाली आणि त्याच वर्षाअखेर बेझंटबाई कलकत्त्यास काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या.

अरुंडेल यांना मात्र पुन्हा शाळेची ओढ लागली होती. राष्ट्रीय शिक्षणाच्या प्रसारासाठी अड्यारला एक संस्था निघाली, आणि तिच्या वतीने १९१८ साली अड्यारला राष्ट्रीय विद्यापीठ स्थापन झाले. कुलपतिपद रवींद्रनाथ ठाकूर यांनी स्वीकारले. प्राचार्य अरुंडेल. काशीच्या राजीनाम्यानंतर पाच वर्षांनी ते पुन्हा त्याच पदावर आले. फरक इतकाच की या वेळी विद्यापीठाला सरकारी सनद नव्हती. कोणत्याही कचेरीत त्याच्या पदवीस किंमत मिळणार नव्हती.

या प्रयोगाकडे आज उपहासाने पाहणे सोपे आहे. तसे पाहू नये. आपल्याकडे प्रोफेसर विजापूरकरांनी काढलेले समर्थ विद्यालय १९१० साली सरकारने बंद पाडले होते. बंगालमध्ये १९०६ साली निघालेले राष्ट्रीय कॉलेज, ज्याचे प्राचार्यपद अरविंद घोष यांनी भूषविले, तेही निस्तेज झाले होते. राष्ट्रीय शिक्षणाच्या मार्गात इतकी थडगी असताना नव्याने पाया खणावयास निघणे ही लहान गोष्ट नव्हे. अड्यारच्या विद्यापीठाने केवळ साहित्य आणि तत्त्वज्ञान न शिकविता शेतकीचे शिक्षण हाती घेतले, आणि शिक्षकांना तयार करण्याच्या कामावर विशेष भर दिला. आंध्रातील मदनपल्लीचे थिऑसॉफिकल कॉलेज, जेथे आयरिश कवी जेम्स कझिन्स प्राचार्य होते, ते या विद्यापीठास जोडले गेले. १९१९च्या आरंभी रवींद्रनाथ दक्षिणेच्या दौऱ्यावर आले. मदनपल्लीस त्यांनी ‘जन गण मन’चे इंग्रजी भाषांतर केले, ही कथा सर्वश्रुत आहे. पण त्याच दौऱ्यात कुलपती या नात्याने भारतीय संस्कृतीच्या केंद्राविषयी त्यांनी अड्यारला जे व्याख्यान दिले, त्याचा उल्लेख क्वचितच होतो. शांतिनिकेतनात विश्वभारतीचे रोप लावले जात होते तो हाच काळ. त्या कल्पनेचे विस्तृत विवेचन या व्याख्यानात सापडते, आणि ते छापून प्रसिद्ध झाले ते अड्यारहून.

विद्यापीठ टिकले नाही. पैशाची चणचण होतीच. पदवीस मान्यता नसल्याने विद्यार्थी बिचकत हेही होतेच. पण खरा घाव पडला तो अनपेक्षित दिशेने. १९२० साली गांधीजींनी असहकार पुकारला आणि सरकारी शाळा-कॉलेजांवर बहिष्काराची हाक दिली. राष्ट्रीय शिक्षणाला याहून अनुकूल वारा कोणता? गुजरात विद्यापीठ, काशी विद्यापीठ, पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ ही सर्व त्या वाऱ्यावर उभी राहिली. परंतु बेझंटबाईंचा असहकारास विरोध होता, आणि अड्यारचे विद्यापीठ त्यांच्या नावाशी बांधलेले होते. देश एका बाजूस गेला, बाई दुसऱ्या बाजूस राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर विद्यापीठही मागे पडले. काशीचाच प्रसंग पुन्हा घडला म्हणावयाचे: संस्था व्यक्तीशी जोडली की व्यक्तीच्या ग्रहदशेची वाटेकरी होते. यातील आणखी एक योगायोग असा की १९२१ साली काशी विद्यापीठ निघाले त्याची धुरा ज्यांच्याकडे आली, ते होते बाबू भगवानदास. अरुंडेल यांच्या पदरी या विद्यापीठाची एक आठवण उरली; ज्या ‘डॉक्टर’ या उपाधीने ते पुढे ओळखले गेले, ती याच राष्ट्रीय विद्यापीठाने दिलेली सन्मान्य पदवी होती.

त्याच १९२० साली आणखी एक वादळ उठले. अड्यारच्या परिसरात राहणारे संस्कृतज्ञ नीलकंठ शास्त्री यांच्या कन्या रुक्मिणी यांच्याशी अरुंडेल यांनी मुंबईस विवाह केला. वधू सोळा वर्षांची ब्राह्मणकन्या, वर एकेचाळीस वर्षांचा इंग्रज. मद्रासच्या सनातनी समाजाने आकाशपाताळ एक केले, आणि वयातील हे अंतर आजच्या वाचकासही खटकल्यावाचून राहणार नाही. विवाहानंतर अरुंडेल काही काळ इंदूरच्या होळकर संस्थानात शिक्षणखात्याचा कारभार पाहण्यास गेले. पुढील दशकातील त्यांच्या भ्रमंतीचा तपशील थोडक्यात आटोपला तरी चालेल. हॉलंडमध्ये १९२५ साली ते उदारमतवादी कॅथॉलिक संप्रदायाचे बिशप झाले; गूढ साक्षात्कारांच्या आणि प्रेषितांच्या घोषणांचा त्या उन्हाळ्यात जो महापूर आला, त्यात ते आकंठ बुडाले होते. त्यांच्या चरित्रातील हा भाग सर्वांत दुबळा आहे. नंतर ते ऑस्ट्रेलियात गेले. सिडनीच्या थिऑसफिस्टांनी १९२६ साली एक नभोवाणी केंद्र सुरू केले आणि जिओर्डानो ब्रूनो या सत्यासाठी जाळल्या गेलेल्या तत्त्वज्ञाच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव ‘टू जीबी’ ठेवले. त्या उपक्रमात अरुंडेल यांचा पुढाकार होता. वर्गात न बसणाऱ्या असंख्य श्रोत्यांपर्यंत पोचण्याचे हे नवे साधन त्यांच्यातील अध्यापकास मोह घालून गेले यात नवल नाही.

३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधील ओमेन येथे कृष्णमूर्तींनी तारका संघ विसर्जित केला. कोणी कोणाचा गुरू नाही, सत्याकडे जाणारा बांधीव मार्ग नाही, अनुयायी मला नकोत, असा त्यांच्या घोषणेचा आशय होता. अठरा वर्षांपूर्वी काशीस ज्या प्राचार्याने त्या संघाचे बीज पेरले होते, त्याला त्याच्याच विद्यार्थ्याने दिलेले हे उत्तर होते. अरुंडेल यांना ते पटले नाही. पण एका विद्यार्थ्याने शिक्षकाच्या हातातून आपले मन इतक्या निर्धाराने सोडवून घेतल्याचे दुसरे उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

२० सप्टेंबर १९३३ रोजी बेझंटबाईंनी अड्यारला देह ठेवला. अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूस अरुंडेल, दुसऱ्या बाजूस अर्नेस्ट वुड. दोघेही इंग्रज, दोघेही अड्यारच्या शिक्षणकार्यातून वर आलेले. १९३४ साली अरुंडेल निवडून आले आणि मृत्यूपर्यंत म्हणजे अकरा वर्षे त्या पदावर राहिले.

ही अकरा वर्षे त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत शांत आणि, चरित्रकारांनी सहसा कमी लेखलेली असली तरी, सर्वांत फलदायी होत. अध्यक्ष होताच त्यांनी बेझंटबाईंच्या स्मरणार्थ अड्यारला शाळा काढली. पण तिच्या व्यवहारात ते स्वतः पुढे राहिले नाहीत, के. शंकर मेनन यांच्यासारख्या तरुण सहकाऱ्यांना त्यांनी मोकळीक दिली. ज्या माणसाभोवती एके काळी विद्यार्थ्यांचा घोळका असे, तो आता एक पाऊल मागे उभा राहावयास शिकला होता.

रुक्मिणीदेवींनी भरतनाट्य शिकावयास घेतले, तेव्हा या बदलाची कसोटी लागली. ही कला त्या काळी देवदासींची म्हणून भद्र समाजाने वाळीत टाकली होती. पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्यासारख्या जुन्या नट्टुवनारांकडून एका ब्राह्मण कुळात जन्मलेल्या, सोसायटीच्या अध्यक्षांच्या पत्नीने नृत्य शिकावे, आणि १९३५च्या डिसेंबरात सोसायटीच्या हीरकमहोत्सवी अधिवेशनात, त्याच अड्यारच्या आवारात, सर्वांसमक्ष नाचावे, हे थोड्यांनाच रुचले. अरुंडेल ठामपणे पाठीशी राहिले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९३६ मध्ये, पुढे ‘कलाक्षेत्र’ या नावाने विख्यात झालेली संस्था स्थापन झाली. तिची प्रेरणा, तिची रचना, तिची शिस्त सर्वस्वी रुक्मिणीदेवींची. अरुंडेल यांनी तिला जागा दिली, आसरा दिला आणि टीकेचे घाव आपल्या अंगावर घेतले.

दुसरा पाहुणा याहूनही मोठा होता. १९३९ साली अरुंडेल पतिपत्नींनी डॉ. मारिया मॉन्टेसरी यांना हिंदुस्थानात येण्याचे निमंत्रण दिले, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात त्या आपला पुत्र मारिओ यासह अड्यारला येऊन दाखल झाल्या. त्या वेळी त्यांचे वय एकोणसत्तर वर्षांचे होते. झावळ्यांनी शाकारलेल्या मांडवात त्यांचा पहिला अध्यापनवर्ग भरला. देशाच्या सर्व भागांतून आलेले तीनशेच्या आसपास शिक्षक-शिक्षिका चटयांवर बसून त्यांची इटालियन भाषणे इंग्रजीतून ऐकत. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली, आणि सरकारच्या दृष्टीने हे मायलेक शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओ स्थानबद्ध झाला, बाईंना अड्यारच्या आवाराबाहेर पडण्याची मनाई झाली. ऑगस्टअखेर, बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास, मारिओची मुक्तता झाली. अभ्यासाच्या दृष्टीने पाहिले तर हा बंदिवास इष्टापत्तीच ठरला. बाईंचा मुक्काम काही महिन्यांऐवजी सात वर्षे लांबला. तान्ह्या मुलाचे मन भोवतालचे जग कसे शोषून घेते याविषयीचे त्यांचे विचार याच काळात परिपक्व झाले, आणि त्यांवरील त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ १९४९ साली प्रथम प्रकाशित झाला तो अड्यारच्या छापखान्यातून. महाराष्ट्रात या पद्धतीचा ध्वज ताराबाई मोडक यांनी पूर्वीच उभारला होता. १९४५ साली त्यांनी बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढून तीच विद्या खेड्यातील मुलांपर्यंत नेली.

मॉन्टेसरीबाईंच्या शास्त्राचा गाभा असा की शिक्षकाने मुलाचे मन घडवू नये. त्यास योग्य साधने द्यावी आणि आपण बाजूस होऊन पाहावे. ज्याने तीस वर्षांपूर्वी प्रेमाच्या बळावर मने वळविण्याचा उद्योग केला आणि त्यापायी एक कॉलेज गमावले, त्याच प्राचार्याच्या अंगणात या शास्त्राने आश्रय घ्यावा, आणि त्याने तो आनंदाने द्यावा! अरुंडेल यांनी आपल्या काशीच्या दिवसांचा फेरविचार कधी शब्दांत मांडला की नाही यास फार महत्त्व नाही. अड्यारच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी कोणाला जागा दिली आणि त्या जागेत आपण किती लुडबुड केली नाही, हे पाहिले म्हणजे पुरे.

१२ ऑगस्ट १९४५ रोजी अड्यारलाच त्यांचा अंत झाला. महायुद्ध संपण्यास दोनतीन दिवसांचाच अवकाश होता. त्यांच्या पश्चात सी. जिनराजदास सोसायटीचे अध्यक्ष झाले. कलाक्षेत्रास काही वर्षांतच सोसायटीचे आवार सोडावे लागले. रुक्मिणीदेवींनी तिरुवान्मियूरच्या समुद्रकाठी वाळूच्या ओसाड माळावर झाडे लावून आणि साध्या कुटी बांधून नव्याने प्रारंभ केला. १९६२ पर्यंत हे स्थलांतर पुरे झाले. १९९३ साली संसदेने कायदा करून कलाक्षेत्रास राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. रुक्मिणीदेवी तो दिवस पाहावयास नव्हत्या. १९८६ साली त्या निवर्तल्या. पतीचे आडनाव त्यांनी अखेरपर्यंत आपल्या नावापुढे लावले, आणि अरुंडेल हे नाव आज ज्यांच्या कानांवर पडते त्यांपैकी बहुतेकांना ते एका नर्तकीचे म्हणूनच ठाऊक असते.